बाबांच्या नावावरची स्कूटर आणि मालेगावचं चलान

*प्रिय मावशी,*

*मी 24 वर्षांची. नाशिकला सिडकोत राहते, गंगापूर रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. गेल्या मंगळवारी सकाळी लॅबला उशीर झाला होता. मागे मैत्रीण बसलेली. एका सिग्नलला पिवळा लागला, मला वाटलं निघेल, काढली गाडी. पुढे पोलीस उभेच होते. एकाने पुढे येऊन थेट चावी काढून घेतली. आधी मी घाबरले आणि मग जाम चिडले. 'चावी काढायचा तुम्हाला अधिकार काय?' असं मोठ्याने बोलले. त्यांनी लायसन्स मागितलं, मी गॅलरीतला फोटो दाखवला, तो चालणार नाही म्हणाले. मैत्रिणीने पर्समधून दोनशेची नोट काढली, 'काका, घ्या ना मिटवून' म्हणाली, त्यावर ते आणखीच भडकले. तिच्या डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. माझ्या होतं.*

*शेवटी मशीनमधून दीड हजाराचं चलान निघालं. तेव्हाच कळलं की गाडीवर आधीची दोन चलानं थकलेली आहेत. एक गेल्या दिवाळीतलं, कॉलेज रोडला नो-पार्किंगचं. ते माझंच आहे, मला तेव्हा पत्ताच लागला नव्हता. दुसरं मालेगावचं, विना हेल्मेट. मावशी, ही स्कूटर मी आयुष्यात मालेगावला नेलेली नाही!*

*गाडी बाबांच्या नावावर आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, 31 वर्षं. 'माझ्या लायसन्सला डाग नाही' हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं म्हटलं जातं. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काल रात्री व्हॉट्सॲपवर 'आपले चलान पाहा' म्हणून एक फाइलही आली आहे, अजून उघडलेली नाही. सगळं भरून टाकू का? मालेगावचंसुद्धा? आणि बाबांना न कळता हे मिटेल का?*

*— सिडकोतली एक घाबरट*

अगं घाबरट,

ती फाइल उघडू नकोस. बाकीचं पत्र नंतर वाच, आधी ती काढून टाक. चलान कधीही व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही, आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप घुसवणारी फाइल असेल, तर ते चलान नसून चोर आहे. उघडलीस की तुझे ओटीपी दुसऱ्याच्या हातात. खरं चलान पाहायचं तर 'महाट्रॅफिक' ॲपवर जायचं, नाहीतर राज्य पोलिसांच्या ई-चलान साइटवर. पत्ता स्वतः टाइप करायचा आणि त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघायचं. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळं समोर येतं. चुकून कोणाकडून फाइल उघडली गेलीच, तर पहिला फोन बँकेला आणि दुसरा 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला.

आता मंगळवारची सकाळ.

तुझं पत्र वाचताना मला माझी लुना आठवली. वकिलीची सनद मिळून जेमतेम वर्ष झालेलं, अंगात काळा कोट, आणि मी रविवार कारंज्याजवळ नो-एंट्रीत शिरले. हवालदाराने हात केला. मी गाडी स्टँडवर लावली आणि त्याला कलमं ऐकवायला लागले. तोही बिचारा ऐकत राहिला. त्याला कुठे जायचं होतं! तारीख माझी होती कोर्टात. चाळीस मिनिटांनी दंड भरून सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात पोचले तर माझं प्रकरण पुकारून झालेलं. संध्याकाळी सिनियर एवढंच म्हणाले, "बाई, रस्त्यावर कोर्ट भरत नाही. तिथे फक्त कागद गोळा करायचा." हेल्मेटखाली डोकं तापलं की हे कोणालाच आठवत नाही, मलाही अजून प्रत्येक वेळी आठवतं असं नाही.

थांबवलं की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि चावी स्वतःच काढून हातात ठेवायची. निम्म्या चाव्या यातच वाचतात, कारण चालू गाडी समोर दिसली की ही पळणार असं त्यांना वाटतं, आणि पळणारे असतातही. आता तुझा चिडण्याचा मुद्दा. वाहनचालकाच्या गाडीची चावी उपटून घ्यावी असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. विना लायसन्स किंवा विना नोंदणी गाडी असेल तर ती अटकावून ठेवण्याचा अधिकार कलम 207 मध्ये आहे, पण त्याची रीत वेगळी आणि त्याची पावती मिळते. म्हणजे तुझं म्हणणं चूक नव्हतं. जागा चुकली. तिथे शांतपणे नेमप्लेटवरचं नाव वाचायचं, वेळ लक्षात ठेवायची आणि नंतर वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्यायची. चावी परत हिसकावायची मात्र कधीच नाही. झटापटीत हात लागला तर पाचशे रुपयांचा मामला भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 पर्यंत जातो, म्हणजे सरकारी कामात बळाचा वापर. मग खरंच वकील लागतो.

एक गैरसमज मी रोज ऐकते. मुलीला पुरुष पोलीस थांबवूच शकत नाही म्हणे. असं काही नाही. महिलेची झडती महिलाच घेईल हे खरं. पण लायसन्स मागणं म्हणजे झडती नव्हे. कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं तर ते दाखवावं लागतं, मग तो हवालदार असो की साहेब.

आणि दाखवायचं म्हणजे काय, ते तुला महागात कळलं. गॅलरीतल्या फोटोला किंमत नाही, कारण फोटो कोणीही कसाही बनवतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये उतरवलेलं लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मात्र मूळ कागदाइतकीच चालते. केंद्राने 2018 मध्ये मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती केली आहे. तेव्हा आज रात्री जेवण झालं की दहा मिनिटं काढ आणि दोन्ही उतरवून ठेव. विमा आणि पीयूसीची तारीखही बघून घे. तुझी स्कूटर बीएस-4 किंवा त्यानंतरची असेल तर पीयूसी वर्षभर चालतं, जुनी असेल तर सहा महिनेच. विमा संपलेला सापडला तर पहिल्याच वेळी 2000.

मैत्रिणीची दोनशेची नोट. तिला वाटलं ती तुला वाचवतेय. 2018 साली लाचलुचपत कायदा बदलला, तेव्हापासून देणाराही गुन्हेगार आहे. लाच देऊ करणंसुद्धा त्यात येतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. तो पोलीस भडकला म्हणून तुम्ही नशीबवान. समजा कधी उलटं झालं आणि समोरूनच मागणी आली, तर 'पावती द्या, पूर्ण भरते' हे चार शब्द पुरतात. त्यानंतरही रेटा आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 आहे.

पिवळ्या सिग्नलबद्दल तुझी बाजू घ्यायची मला फार इच्छा आहे, पण जमत नाही. नाशकात पिवळा म्हणजे 'काढ लवकर' असाच अर्थ लावतात. नियमात त्याचा अर्थ थांब असा आहे. स्टॉपलाइनच्या इतक्या जवळ पोचलीस की ब्रेक मारला तर मागचा अंगावर येईल, तेवढीच सूट. 'मला वाटलं निघेल' हे तूच लिहिलं आहेस.

आता पावती काढ. मशीनचा कागद थर्मल असतो. पर्समध्ये ठेवलास की महिनाभरात कोरा होतो, म्हणून आधी त्याचा फोटो काढ. त्यावर दीड हजाराची फोड असेल. माझ्या हिशेबाने सिग्नलचे 500, मागच्या सवारीच्या हेल्मेटचे 500 आणि लायसन्स न दाखवल्याचे 500. हा तिसरा आकडा नीट वाच. लायसन्स 'जवळ नसणं' आणि लायसन्स 'नसणं' हे दोन वेगळे गुन्हे आहेत, पहिल्याला 500 आणि दुसऱ्याला 5000. घाईत दुसरं कलम टाकलं गेलं तर लोक रक्कम बघून नुसते रडतात, कलम कोणी बघत नाही. तुझं ते बरोबर पडलेलं दिसतंय.

हेल्मेटचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपण नाशिककर त्या विषयात वर्षानुवर्षं नापास आहोत. 15 ऑगस्ट 2021 पासून शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' लागू झालं होतं आठवतंय? लोक पंपाच्या बाहेर एकमेकांचं हेल्मेट उसनं घेऊन आत जायचे, पेट्रोल भरलं की परत करायचे. कायदा मागे बसणाऱ्यालाही तितकाच लागू आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. मूळ कायद्यात दंड 1000 आहे. महाराष्ट्राने तडजोड शुल्क 500 ठेवलं, पण तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद तशीच राहिली आहे. लोक पाचशे भरून विसरतात आणि नोटीस आली की दचकतात.

'तडजोड शुल्क' हा शब्द पकडून ठेव. तुझ्या 'सगळं भरून टाकू का' या प्रश्नाचं उत्तर त्याच शब्दात आहे. चलानाची रक्कम भरणं म्हणजे 'गुन्हा मला मान्य, प्रकरण इथेच मिटवा' असं म्हणणं. ते तुझ्या मर्जीवर असतं. जागेवर भरलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मान्य नसेल तर त्याला हरकत घेता येते आणि प्रकरण पुढे कोर्टापर्यंत जाऊ शकतं. म्हणून मंगळवारचं भर. कॉलेज रोडचंही भर, ते तुझंच आहे असं तू स्वतः म्हणतेस. ॲपवरून युपीआयने दोन मिनिटांत होतं, पावती सेव्ह कर.

मालेगावचं मात्र एक रुपयाही भरू नकोस. 'पाचशेच तर आहेत, कटकट नको' असं तुला दहा जण सांगतील. ते भरलंस की बाबांची गाडी त्या दिवशी मालेगावात होती आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हे तू लिहून दिल्यासारखं होईल. उद्या त्याच नंबरचं आणखी काही निघालं, एखादा अपघात वगैरे, तर काय सांगणार?

त्या चलानाचा फोटो ॲपवर उघड आणि मोठा करून बघ. घाई करू नकोस, दुपारच्या सुट्टीत बस. गाडी कोणती आहे? मोटरसायकल असेल तर प्रश्नच मिटला. स्कूटर असेल तर रंग, आरसे, मागचा दिवा. मग प्लेट. मालेगावच्या गाड्या एमएच-41 आणि आपल्या एमएच-15, त्यामुळे पुढचे आकडे तेच आणि टाइप करताना 41 चं 15 झालं, असं असू शकतं. कधी प्लेटचा बोल्ट बरोबर आकड्यावर बसलेला असतो, तीनाचा आठ होतो. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांच्या चलानात तर आकडा वाचता येणार नाही एवढा चिखल होता. कोणीतरी अंदाजे भरला आणि तो अंदाज आजोबांच्या मोपेडवर येऊन पडला. आजोबा ती मोपेड सकाळी फक्त सोमेश्वरपर्यंत न्यायचे!

फरक सापडला की त्याच ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे. चलान क्रमांक टाकायचा, आरसी जोडायची आणि तुझ्या स्कूटरचे पुढून, मागून, बाजूने असे आजचे फोटो द्यायचे. मजकूर चार ओळींचा पुरे: 'चलानातील फोटोमधील वाहन आणि आमचे वाहन वेगळे आहे, मेक व रंग जुळत नाही, त्या दिवशी वाहन नाशिकमध्ये होते, चलान रद्द करावे.' लॅबमध्ये बायोमेट्रिक हजेरी असेल तर त्या दिवसाची प्रिंटही लाव. रागाचं एकही वाक्य घालू नकोस. वाचणाऱ्याला दिवसभरात असे अर्ज कितीतरी येतात, त्याला फक्त दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतात. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेव आणि छापील प्रत वाहतूक शाखेत देऊन आवक शिक्का घे. मी जुन्या वळणाची आहे, शिक्क्यावर माझा विश्वास जास्त.

चलान कॅमेऱ्याचं निघालं तर आणखी एक धागा आहे. कॅमेऱ्यावरच्या चलानाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवायची, असं 2021 साली नियमांत आलेल्या 167-अ मध्ये आहे. तेव्हा घटनेची तारीख आणि सूचनेची तारीख दोन्ही टिपून ठेव.

फोटोत तुमचाच नंबर स्पष्ट दिसतोय आणि गाडी दुसरीच, असं निघालं तर मात्र प्रकरण गंभीर आहे. म्हणजे कोणीतरी तुमच्या नंबरची प्लेट लावून फिरतंय. मग ॲपवर थांबायचं नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची, आणि ती ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांनी द्यायची.

तक्रार फेटाळली गेली तर कोर्ट. घाबरू नकोस, तिथे तुला फाशी देत नाहीत. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते, तिच्यात थकीत चलानं निघतात आणि त्याच्या नोटिसा मोबाइलवर येतात. पण लोकअदालत ही तडजोडीची जागा. तिथे तू निर्दोष ठरत नाहीस, रक्कम ठरते, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. मालेगावच्या चलानासाठी ती जागा नव्हे. तुला नियमित कोर्टातच 'गुन्हा कबूल नाही' म्हणायचं आहे. वकिलाचे पैसे कुठून आणू असं मनात आलं असेल, तर हे फार जणींना माहीत नसतं: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. एक साधा अर्ज द्यायचा.

तसंच पडू दिलं तर? लगेच काही जाणवत नाही, म्हणून तर लोक पडू देतात. पण कधीतरी ही स्कूटर विकायची किंवा तुझ्या नावावर करायची म्हटलीस, की पेठ रोडला आरटीओत पहिला प्रश्न थकबाकीचा येईल. आणि प्रत्येक नाकाबंदीत मशीनवर ते लाल अक्षरांत दिसत राहील, म्हणजे दर वेळी तुझी मंगळवारची सकाळ.

आता तुझा खरा प्रश्न. बाबांना न कळता मिटेल का?

नाही मिटणार, आणि त्याचं कारण भावनिक नाही. चलान गाडीवर निघतं आणि गाडी ज्याच्या नावावर तो कायद्यासमोर उभा राहतो. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगण्याची जबाबदारीही कलम 133 प्रमाणे मालकाचीच. मालेगावच्या तक्रारीवर नाव त्यांचं, आरसी त्यांची, ठाण्यात जायची वेळ आली तर सही त्यांची. तू गुपचूप त्यांच्या नावाने सही ठोकलीस तर मी तुला दुसरं पत्र लिहीन आणि ते इतकं प्रेमळ नसेल.

शिवाय एसटीच्या ड्रायव्हरला तू घाबरतेस हेच मला कळत नाही. 31 वर्षं ज्या माणसाने कसाऱ्याचा घाट उतरवला, ज्याला रात्री-अपरात्री कुठल्याशा नाक्यावर टॉर्च मारून थांबवलं गेलं असेल, त्याच्याइतका या विषयातला जाणकार तुला घरबसल्या कुठे मिळणार? त्यांना एकदा विचार की थांबवल्यावर ते काय करायचे. मला खात्री आहे, कागद एका विशिष्ट खिशात, एका विशिष्ट क्रमाने असायचे. रागावतील. पिवळ्या सिग्नलवरून तर नक्कीच, आणि मैत्रिणीच्या नोटेवरून जास्तच. तेवढं ऐकून घे.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. चलानाचा मेसेज गाडी चालवणाऱ्याला जात नाही. गाडीच्या नोंदणीला जो मोबाइल नंबर दिलेला असतो, त्यावर जातो. तुला दिवाळीच्या चलानाचा पत्ताच लागला नाही म्हणतेस, मालेगावचंही रस्त्यावर कळलं. म्हणजे नोंदणीला तुझा नंबर नाही. गाडी घेताना शोरूममध्ये फॉर्म कोणी भरला होता, आठव.

तेव्हा आज संध्याकाळी चहा टाक आणि सुरुवात मालेगावपासून कर. दिवाळीपासून तो माणूस गप्प बसला असेल, तर पोरगी घरी न सांगता, हेल्मेट न घालता, कोणाबरोबर मालेगावला गेली होती, हाच विचार करत बसला असेल.

— तुझी मावशी